दातांच्या रंगाचे भरण : किडलेल्या दातांची दुरुस्ती, तिचे लाभ आणि मर्यादा

किडलेल्या दाढेत ‘चांदी भरणे’ हा शब्दप्रयोग मराठी घरांत अनेक पिढ्या रूढ होता. हसताना मागच्या दाढांवर दिसणारा करडा, धातूसारखा ठिपका ही त्या उपचाराची खूण असे. गेल्या काही दशकांत या चांदीची जागा दाताच्याच रंगाशी मिळत्याजुळत्या द्रव्यांनी घेतली आहे. ही भरणे दिसायला चांगली असल्याने ती केवळ सौंदर्यासाठी केली जातात, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात त्यांचा खरा लाभ वेगळा आहे. ही द्रव्ये दाताला चिकटतात आणि त्यामुळे दाताचा निरोगी भाग फारसा न कोरता दुरुस्ती करता येते. मात्र हा लाभ मिळण्यासाठी कीड लहान असतानाच उपचार व्हावा लागतो, आणि काम करणाऱ्या दंतवैद्याला अधिक वेळ व अधिक काटेकोरपणा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मौखिक आरोग्यविषयक अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा कोणता ना कोणता विकार आहे. त्यांपैकी सुमारे २०० कोटी लोकांचे कायमचे दात, तर ५१ कोटींहून अधिक बालकांचे दुधाचे दात किडलेले आहेत. भारतात २००२-०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १२ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये दंतक्षय आढळला होता. त्यामुळे भरणाचा प्रश्न मूठभरांच्या सौंदर्याचा नसून कोट्यवधी लोकांच्या नित्य आरोग्याचा आहे.

कीड म्हणजे काय?

‘दाताला कीड लागणे’ या शब्दांतच एक प्राचीन कल्पना दडलेली आहे. दात पोखरणारा एखादा किडा असतो, असे जगातील अनेक संस्कृतींत मानले जाई. सुश्रुतसंहितेत दंतरोगांच्या वर्णनात ‘कृमिदंतक’ या विकाराचा उल्लेख आहे. फ्रान्समधील दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही कृमींची कल्पना नाकारली. पुढे १८९० मध्ये डब्ल्यू. डी. मिलर यांनी दंतक्षयामागे जिवाणू व आम्ल यांचे कार्य असते, असे प्रतिपादन केले. आजचे ज्ञान याच पायावर उभे आहे.

दाताचे सर्वांत बाहेरचे आवरण म्हणजे दंतवल्क अथवा इनॅमल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. त्याच्या आत दंतिनाचा पिवळसर थर आणि सर्वांत आत रक्तवाहिन्या व मज्जातंतूंनी युक्त असा दंतमगज असतो. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जिवाणू साखर व पिष्टमय पदार्थांचे आम्लात रूपांतर करतात. तोंडातील पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते आणि खनिजे पुन्हा दातात मुरू लागतात. दिवसभर चालणाऱ्या या देवघेवीत विरघळण्याचे पारडे सतत जड राहिले, तर दात किडतो. म्हणूनच एका वेळी खाल्लेल्या गोड पदार्थांच्या प्रमाणापेक्षा दिवसातून किती वेळा गोड खाल्ले जाते, याला अधिक महत्त्व आहे. दर तासाला साखरेचा चहा घेणाऱ्याच्या दातांना सावरण्यास अवधीच मिळत नाही.

आरंभी दातावर केवळ खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या अवस्थेत पृष्ठभाग अखंड असतो. फ्लोराइडयुक्त पेस्ट व योग्य आहार यांच्या साहाय्याने ही कीड थोपवता येते, आणि तेथे भरणाची आवश्यकता नसते. खड्डा पडल्यानंतर मात्र दात स्वतःहून भरून येत नाही, कारण दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दात उगवल्यानंतर शिल्लक राहत नाहीत. कीड दंतिनापर्यंत पोहोचल्यावर थंड वा गोड पदार्थाने कळ येऊ लागते. झोप उडवणारा ठणका लागतो, तोवर कीड बहुधा दंतमगजापर्यंत गेलेली असते आणि साध्या भरणाची वेळ टळलेली असते. ‘दुखत नाही, म्हणजे कीड नाही’ हा समज त्यामुळेच सर्वाधिक हानिकारक ठरतो.

पारदमेलाचा काळ

ज्याला सर्वसाधारणपणे चांदी म्हटले जाते, ते वास्तविक पारदमेल अथवा अमाल्गम होय. त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. उरलेला भाग चांदी, कथील व तांबे यांच्या भुकटीचा असतो. १९व्या शतकात युरोप व अमेरिकेत प्रसार पावलेले हे मिश्रण स्वस्त, टणक आणि हाताळण्यास सोपे होते. काम करताना थोडी लाळ लागली तरी ते फारसे बिघडत नसे. दाढांमध्ये ते दीर्घकाळ टिके. दीडशे वर्षांहून अधिक काळ त्याने दंतोपचारावर अधिराज्य गाजवले, ते या गुणांमुळेच.

त्याचा मोठा दोष असा, की ते दाताला चिकटत नाही. भरण सुटून पडू नये म्हणून खड्डा आत रुंद व तोंडाशी अरुंद कोरावा लागतो. शिवाय पुरेशी जाडी मिळावी म्हणून निरोगी भागही काढावा लागतो. अमेरिकेतील ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस या कोरीवकामाचे शास्त्र सिद्ध केले. भविष्यात कीड लागण्याचा संभव असलेल्या लगतच्या खाचाही आधीच कोरून भराव्यात, असा त्यांचा दंडक होता. त्या काळातील साधनांचा विचार करता तो योग्यच होता. परंतु त्यामुळे प्रत्येक उपचारात दाताचा काही सुदृढ भाग कायमचा नष्ट होई.

पारदमेल मागे पडण्यास पर्यावरणाचेही कारण आहे. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पाऱ्यामुळे झालेला विकार १९५६ मध्ये प्रथम अधिकृतपणे नोंदवला गेला. त्याच शहराचे नाव धारण करणारा पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये स्वीकारण्यात आला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये अमलात आला. भारताने २०१८ मध्ये त्यास अनुसमर्थन दिले. १५ वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी पारदमेलाचा वापर टाळण्याची तरतूद २०२२ मध्ये करारात समाविष्ट झाली. युरोपीय संघाने अपवाद वगळता जानेवारी २०२५ पासून त्याचा वापर बंद केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत २०३४ पर्यंत दंतोपचारातील पारदमेल संपुष्टात आणण्यावर सहमती झाली.

याचा अर्थ तोंडातील जुनी चांदी तातडीने काढून टाकावी, असा होत नाही. सुस्थितीत असलेले असे भरण वैद्यकीय कारणावाचून काढू नये, असा सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला आहे. ते कोरून काढताना पाऱ्याची वाफ अधिक सुटते आणि दाताचा निरोगी भागही खर्ची पडतो. केवळ रंगासाठी असा बदल करून घेण्यापूर्वी रुग्णाने याचा विचार करणे आवश्यक आहे.

दाताला चिकटणाऱ्या द्रव्यांचा शोध

दाताशी रंग जुळणारी द्रव्ये २०व्या शतकाच्या प्रारंभापासून उपलब्ध होती. सिलिकेट सिमेंट पुढच्या दातांत भरले जाई, परंतु ते लाळेत हळूहळू झिजत असे. त्यानंतर आलेली अ‍ॅक्रिलिक द्रव्ये घट्ट होताना आक्रसत आणि कडेला फट राही.

या क्षेत्राला कलाटणी मिळाली ती १९५५ मध्ये. अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी दंतवल्कावर फॉस्फरिक आम्ल थोडा वेळ लावून धुतल्यास त्यावर अ‍ॅक्रिलिक अधिक घट्ट चिकटते, असे दाखवून दिले. आम्लामुळे गुळगुळीत दंतवल्कावर अतिसूक्ष्म खाचा निर्माण होतात. पातळ राळ त्या खाचांत शिरून घट्ट झाली, की असंख्य सूक्ष्म खुंट्या ठोकल्यासारखी पकड मिळते. रंगकामापूर्वी भिंत घासून खरखरीत करावी, तसाच हा प्रकार होय. त्यानंतर राफाएल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाची राळ विकसित केली आणि तीत सिलिकाची बारीक पूड मिसळली. १९६२ मध्ये पेटंट मिळालेल्या या शोधातून आजच्या कॉम्पोझिट भरणाचा उगम झाला. दंतवल्काच्या तुलनेत ओलसर असलेल्या दंतिनाला राळ कशी चिकटते, याचा उलगडा जपानमधील नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये केला.

याच सुमारास लंडनमधील एका शासकीय प्रयोगशाळेत अ‍ॅलन विल्सन व ब्रायन केंट हे वेगळ्या दिशेने काम करीत होते. विशिष्ट काचेची पूड व पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्ल यांच्या संयोगातून त्यांनी सिद्ध केलेले ग्लास आयनोमर सिमेंट १९७०च्या दशकात वापरात आले. दातातील कॅल्शियमशी त्याचा थेट रासायनिक बंध जुळतो.

प्रारंभीची कॉम्पोझिट द्रव्ये दोन लगदे एकत्र कालवून भरली जात आणि ती काही मिनिटांतच घट्ट होत. त्यामुळे आकार देण्यास दंतवैद्याला उसंत मिळत नसे. पुढे प्रकाशाने घट्ट होणारी द्रव्ये आली. आरंभी त्यांसाठी अतिनील किरण वापरले जात, नंतर निळा दृश्य प्रकाश वापरात आला. आज बहुतेक दवाखान्यांत दिसणारा निळ्या प्रकाशाचा छोटा दिवा एलईडीवर चालतो. ज्या निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचाच हा एक उपयोग होय.

भरणाचे प्रमुख प्रकार

कॉम्पोझिट : राळ व काचेसारखे अतिसूक्ष्म कण यांचे हे मिश्रण रंगाच्या अनेक छटांत मिळते. झिलई उत्तम येते आणि पुढच्या दातांत भरणाची कड सहसा ओळखूही येत नाही. आजची कॉम्पोझिट द्रव्ये दाढांवरील चर्वणाचा ताणही सोसतात. मात्र घट्ट होताना ती आकारमानाने साधारण २ ते ३ टक्के आक्रसतात आणि काम करताना ओलावा त्यांना मुळीच चालत नाही.

ग्लास आयनोमर सिमेंट : याची पकड ओलसर दातावरही बऱ्यापैकी राहते. त्यातून फ्लोराइड हळूहळू पाझरते. हिरडीलगतचे खड्डे, दुधाचे दात आणि दाताच्या मुळावरील कीड यांसाठी ते उपयुक्त आहे. कॉम्पोझिटच्या तुलनेत ते ठिसूळ असून लवकर झिजते आणि त्याची छटा काहीशी अपारदर्शक दिसते. राळ मिसळलेला त्याचा सुधारित प्रकार काही अंशी या उणिवा भरून काढतो.

सिरॅमिक भरण : खड्डा मोठा असल्यास दाताचे माप घेऊन चिनी मातीसारख्या सिरॅमिकचा तुकडा बाहेर घडवला जातो आणि नंतर दातात चिकटवला जातो. हा उपचार खर्चिक आहे. काही ठिकाणी संगणकाच्या साहाय्याने तो एकाच दिवसात पूर्ण होतो, अन्यत्र दोन खेपा माराव्या लागतात.

उपचार कसा केला जातो?

प्रथम तपासणी व आवश्यकतेनुसार क्ष-किरण चित्र काढले जाते. दोन दातांमधील फटीतील कीड वरून दिसत नाही, ती बहुधा या चित्रातच सापडते. त्यानंतर छटा निवडली जाते. दात कोरडा झाला की तो तात्पुरता अधिक पांढरा दिसतो. यास्तव रंगाची जुळणी कामाच्या आरंभी, दात ओला असतानाच आणि शक्यतो दिवसाच्या उजेडात केली जाते.

कीड खोल असल्यास इंजेक्शन देऊन तो भाग बधिर केला जातो. मऊ झालेला किडका भाग यंत्राने व हाताच्या अवजारांनी काढला जातो. पारदमेलासारखा ठरावीक आकार कोरण्याची येथे गरज नसते. कीड जेथे संपते, तेथे कोरणेही थांबते. कीड दंतमगजाच्या अगदी जवळ असल्यास तळाशी थोडा टणक पण किंचित बाधित थर हेतुतः ठेवून वरून भरण बंदिस्त करण्याची पद्धतही आता मान्यता पावली आहे. दंतमगज उघडा पडण्यापेक्षा हे श्रेयस्कर मानले जाते.

यानंतरचा टप्पा निर्णायक असतो. दात लाळेपासून पूर्णतः अलग ठेवावा लागतो. त्यासाठी कापसाच्या गुंडाळ्या, लाळ ओढणारी नळी किंवा रबरी पडदा वापरतात. १८६४ मध्ये न्यूयॉर्कचे दंतवैद्य सॅनफर्ड बार्नम यांनी योजलेला हा रबरी पडदा आजही सर्वांत भरवशाचा मानला जातो. कोरड्या दातावर साधारण ३७ टक्के तीव्रतेचे फॉस्फरिक आम्ल सुमारे १५ ते ३० सेकंद लावून धुतले जाते. मग चिकटद्रव्याचा पातळ लेप देऊन त्यावर निळा प्रकाश टाकला जातो. काही नव्या चिकटद्रव्यांत आम्लाचा वेगळा टप्पा लागत नाही.

आता प्रत्यक्ष भरण सुरू होते. कॉम्पोझिट एकदम न भरता सुमारे २ मिलिमीटरच्या थरांत भरतात आणि प्रत्येक थर प्रकाशाने घट्ट करतात. प्रकाश फार खोल पोहोचत नाही, तसेच एकदम भरल्यास आक्रसण्याचा ताण वाढतो, ही त्यामागील कारणे आहेत. सुमारे ४ मिलिमीटरपर्यंत एका वेळी भरता येतील, अशी द्रव्येही अलीकडे उपलब्ध झाली आहेत. दोन दातांमधील खड्डा असल्यास पातळ पट्टी व छोटी पाचर लावून शेजारच्या दाताशी योग्य स्पर्श साधला जातो. तो न साधल्यास तेथे अन्न अडकत राहते. अखेरीस रंगीत कागद चावण्यास देऊन उंचवटे तपासले जातात आणि पृष्ठभागाला झिलई दिली जाते. निळ्या प्रकाशाकडे रुग्णाने थेट पाहू नये. डोळ्यांच्या रक्षणासाठी नारिंगी रंगाची ढाल वा चष्मा वापरला जातो.

साध्या कामास एका दातामागे साधारणपणे अर्धा ते एक तास लागू शकतो. हे काम घाईत उरकल्यास उणिवा लगेच दिसत नाहीत, काही महिन्यांनी वा वर्षांनी दिसू लागतात.

उपचारानंतर

कॉम्पोझिट प्रकाशाने तत्काळ घट्ट होत असल्याने काही वेळातच खाता येते. परंतु बधिरपणा उतरेपर्यंत खाणे टाळावे, अन्यथा गाल, ओठ वा जीभ चावली जाण्याचा संभव असतो. लहान मुलांकडे या काळात विशेष लक्ष द्यावे लागते. ग्लास आयनोमर भरल्यास पहिल्या दिवशी त्या बाजूने कठीण पदार्थ चावू नयेत.

पहिले काही दिवस थंड वा गरम पदार्थांनी दात शिवशिवणे स्वाभाविक आहे. भरण उंच राहिले असेल तर चावताना दात दुखतो आणि ते किंचित घासून दिल्यास बहुधा आराम पडतो. शिवशिवणे वाढत गेले, रात्री आपोआप ठणका लागला किंवा सूज आली, तर दंतमगजाला बाधा झाल्याची शक्यता असते. तशा स्थितीत विनाविलंब तपासणी करून घ्यावी. त्यावर रूट कॅनाल हा उपचार करावा लागू शकतो.

बिस-जीएमए राळेच्या निर्मितीत बिस्फेनॉल-ए या रसायनाचा वापर होत असल्याने काही रुग्णांच्या मनात शंका असते. भरणानंतर अल्पकाळ या रसायनाचा अत्यल्प अंश लाळेत आढळू शकतो. पृष्ठभाग पुसून घेणे व चूळ भरणे या साध्या उपायांनी तो आणखी कमी करता येतो. राळेतील घटकांची अ‍ॅलर्जी असल्यास दंतवैद्याला आधीच सांगणे आवश्यक आहे.

भरण किती काळ टिकते?

कोणतेही भरण आजन्म टिकेल, याची हमी देता येत नाही. दाढांतील कॉम्पोझिट व पारदमेल यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१४ मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये आढावा घेतला. त्यात कॉम्पोझिट भरण निकामी होण्याचे व कडेला पुन्हा कीड लागण्याचे प्रमाण अधिक आढळले. मात्र हा पुरावा फारसा भक्कम नसल्याचेही आढाव्यात नमूद आहे आणि त्यातील मुख्य चाचण्या जुन्या द्रव्यांवर केलेल्या आहेत. नवी द्रव्ये व कुशल हात लाभल्यास दाढांतील कॉम्पोझिट दहा वर्षांहून अधिक काळ टिकल्याची उदाहरणे सर्रास आढळतात. भरण निकामी होण्याची दोन मुख्य कारणे म्हणजे कडेला पुन्हा लागलेली कीड आणि तडा जाणे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भरणामुळे खड्डा बुजतो, पण खड्डा पडण्यास कारणीभूत झालेल्या सवयी बदलत नाहीत. जुने भरण काढून नवे करताना दर वेळी खड्डा थोडा मोठा होतो. लहान भरणाचे मोठे भरण, मोठ्या भरणानंतर रूट कॅनाल व टोपी आणि अखेरीस दात काढणे, अशी ही उतरंड असते. चिकटणाऱ्या द्रव्यांचा महत्त्वाचा गुण येथे उपयोगी पडतो. संपूर्ण भरण न काढता केवळ बिघडलेला भाग दुरुस्त करता येतो. त्यामुळे कड काळवंडली, की ‘सगळे काढून नवे करा’ असे म्हणण्यापूर्वी दुरुस्ती शक्य आहे का, हे रुग्णाने अवश्य विचारावे.

चहा, कॉफी, हळदयुक्त पदार्थ, पान, मिश्री व तंबाखू यांमुळे कॉम्पोझिटवर डाग पडतात. वरवरचे डाग झिलई देऊन बरेचसे जातात. दात पांढरे करण्याच्या उपचाराचा परिणाम मात्र भरणावर होत नाही. असा उपचार करावयाचा असल्यास तो आधी करून, काही काळाने त्या छटेनुसार भरण करणे इष्ट ठरते. महाराष्ट्रातील चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड तसेच राजस्थान व तेलंगणातील ज्या भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे, तेथे दातांवर तपकिरी डाग आढळतात. ते झाकण्यासाठीही कॉम्पोझिटचा लेप दिला जातो. अशा दंतवल्कावर आम्लाचा परिणाम कमी होत असल्याने तेथे अधिक काळजी घ्यावी लागते.

मुलांचे दात

दुधाचे दात पडणारच आहेत, मग ते भरायचे कशाला, असा प्रश्न पालक विचारतात. मागच्या दुधाच्या दाढा साधारण १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात राहतात. खाण्यासाठी व खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातांची जागा राखण्यासाठी त्या आवश्यक असतात. कायमची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे उगवते. तिच्या आधी कोणताही दात पडलेला नसल्याने ती दुधाचीच समजून दुर्लक्षिली जाते आणि अनेकदा सर्वप्रथम तीच किडते. या दाढेच्या खोल खाचा पातळ राळेने आधीच बुजवल्यास कीड पुष्कळ अंशी टळते.

भरण करून घेण्यास सहकार्य न करणाऱ्या बालकांसाठी सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव लावून कीड थोपवता येते. त्यात कोरावे लागत नाही, परंतु किडलेला भाग कायमचा काळा पडतो. हा बदल पालकांना आधी समजावून सांगणे आवश्यक असते.

सर्वसामान्यांच्या आवाक्यात

दातांच्या रंगाच्या भरणाला खर्च व वेळ अधिक लागतो. वीज, दिवा, शोषक यंत्र व प्रशिक्षित हात यांचीही आवश्यकता असते. पारदमेल मागे पडत असताना या सुविधा नसलेल्या गावांतील रुग्णांचे काय, हा प्रश्न सर्व विकसनशील देशांपुढे आहे. त्याचे एक उत्तर आफ्रिकेतून मिळाले. १९८०च्या दशकाच्या मध्यास टांझानियात विकसित झालेल्या पद्धतीत यंत्राविना, केवळ हाताच्या अवजारांनी मऊ कीड काढून ग्लास आयनोमर भरले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी या पद्धतीचा पुरस्कार केला. शाळेच्या वर्गात वा ग्रामपंचायतीच्या खोलीतही ही पद्धत वापरता येते. संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २०२१ मध्ये ग्लास आयनोमर सिमेंट व २०२३ मध्ये कॉम्पोझिटचा समावेश केला आहे.

भारतात २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम राबवला जात आहे. खासगी दवाखान्यातील खर्च न परवडणाऱ्या रुग्णांना दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांचा आधार घेता येतो. मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय व नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, तसेच गोव्यातील बांबोळी येथील दंत महाविद्यालय ही त्यांची उदाहरणे होत. महाराष्ट्राबाहेर इंदूर, अहमदाबाद, हैदराबाद, बंगळूरु व कोलकाता येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. शिकणारे विद्यार्थी व तरुण डॉक्टर तेथे अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ अधिक लागतो, पण शुल्क बरेच कमी असते.

रुग्णाने काय करावे?

उपचारापूर्वी काही मोजके प्रश्न विचारणे उचित ठरते. कीड किती खोल आहे? भरण खरोखर आवश्यक आहे, की निरीक्षण पुरेसे आहे? कोणते द्रव्य वापरले जाणार आणि ते का? दात कोरडा कसा ठेवला जाईल? एकूण खर्च किती? दाताचा मोठा भाग नष्ट झाला असल्यास भरणाऐवजी टोपी अधिक टिकाऊ ठरते. हिरडीखाली खोलवर गेलेल्या खड्ड्यात किंवा लाळ आवरणे अशक्य असलेल्या स्थितीत कॉम्पोझिटचा आग्रह धरणे हिताचे नसते. दात खाण्याची सवय असलेल्या रुग्णांनी ती दंतवैद्याला सांगावी, कारण अशा ताणाने भरणाला तडा जाऊ शकतो.

भरणानंतरची काळजी नेहमीचीच आहे. १,००० ते १,५०० पीपीएम फ्लोराइड असलेल्या पेस्टने दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, दात घासावेत. तीन वर्षांखालील बालकांसाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरेशी असते. दोन दातांमधील फट दोऱ्याने वा बारीक ब्रशने स्वच्छ करावी. गोड पदार्थ शक्यतो जेवणासोबतच घ्यावेत, आणि दंतवैद्याने ठरवून दिलेल्या अंतराने तपासणी करून घ्यावी.

आधुनिक भरण दातासारखे दिसते, दाताला चिकटते आणि वेळीच केले तर दात वाचवते. तरीही ते मूळ दंतवल्काची बरोबरी करू शकत नाही. किडीचा पहिला पांढरा डाग ओळखला गेला, तर भरणाची वेळच येत नाही. खड्डा लहान असतानाच तो भरला गेला, तर एका बैठकीत काम भागते. ठणका लागेपर्यंत थांबल्यास मात्र सर्वोत्तम द्रव्य आणि कुशल दंतवैद्य यांनाही उरलेल्या दाताचीच राखण करावी लागते.